ऊन, पाणी आणि हायड्रोजन: पेरॉव्हस्काइटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, ऐरोली, वाशीकडच्या कॉलेजांमध्ये पेरॉव्हस्काइट वापरून उन्हाने पाण्यातून हायड्रोजन काढण्यावर बोलले की नंतर कित्येक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येत राहतात, आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून सगळे इथे एकत्र टाकतेय. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत. सोप्यापासून अवघडाकडे जातात, पण थेट हव्या त्या प्रश्नावर गेलात तरी चालेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: पेरॉव्हस्काइट हा एक पदार्थ नाही, अख्खं खानदान आहे, आणि बातम्यांमधला निम्मा गोंधळ त्यातल्या दोन वेगळ्या शाखांचे आकडे एकाच वाक्यात घातल्यामुळे होतो.

१. पेरॉव्हस्काइट म्हणजे नक्की काय? दगड, धातू की केमिकल?

मूळचा दगडच. १८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला उरल पर्वतातल्या खनिजांमध्ये कॅल्शियम टायटॅनेट सापडलं आणि त्याने लेव्ह पेरॉव्हस्की या रशियन अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. पुढे कळलं की अणूंची ती रचना, म्हणजे मोठा आयन ए, छोटा आयन बी आणि तीन एक्स, अशी शेकडो पदार्थांमध्ये असते, मग त्या सगळ्यांनाच हे नाव चिकटलं. तुमच्या किचनमधला टक्-टक् करणारा गॅस लायटर आहे ना, त्यात ठिणगी पाडणारा जो सिरॅमिकचा तुकडा असतो तोही सहसा याच खानदानातला, लेड झिर्कोनेट टायटॅनेट. म्हणजे आपल्या घरात हे आधीच आहे, फक्त ते हायड्रोजन बनवत नाही. रचना एकच असली तरी ए, बी, एक्सच्या जागी कोण बसलंय त्यावर गुण पूर्ण बदलतात.

२. उन्हात पाण्याची बादली ठेवली तर हायड्रोजन का निघत नाही? ऊर्जा तर मिळतेच आहे की.

मिळत नाही, कारण साधा दिसणारा प्रकाश पाणी शोषतच नाही, तो आरपार जातो. म्हणून मध्ये एक सेमीकंडक्टर लागतो. त्यावर प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो आणि खाली एक रिकामी जागा राहते, तिला होल म्हणतात. इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन काढतो, होल ऑक्सिजन काढतो, पण दोघं परत एकमेकांना भेटायच्या आत हे व्हायला हवं, नाहीतर सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि खरं सांगायचं तर या क्षेत्रातली बहुतेक मेहनत या दोघांना वेगळं ठेवण्यातच जाते.

पाणी फोडायला कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात पृष्ठभागावरची रिअ‍ॅक्शन आळशी असते, विशेषतः ऑक्सिजनची बाजू, म्हणून १.६ ते १.८ व्होल्ट तरी लागतात. प्रकाशाने पाणी फुटतं हे जगाला ठळकपणे दिसलं १९७२ मध्ये, होंडा आणि फुजिशिमा या जपानी जोडीच्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या प्रयोगातून. तो पेरॉव्हस्काइट नव्हता, पण सगळी गाडी तिथूनच सुटली.

३. त्या दोन शाखा कोणत्या? सोप्या शब्दांत सांगा ना.

पहिली ऑक्साइडवाली, म्हणजे एक्सच्या जागी ऑक्सिजन. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट, सोडियम टँटलेट वगैरे. पक्के सिरॅमिक, पाण्यात महिनोन् महिने ठेवा, काही होत नाही. पण यांचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर उडी मारायला लागणारी ऊर्जा, मोठा, स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचा ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे त्याला फक्त अल्ट्राव्हायोलेट कळतं, आणि जमिनीवर येणाऱ्या उन्हाच्या ऊर्जेत अल्ट्राव्हायोलेट असतं जेमतेम ४-५ टक्के.

दुसरी हॅलाइडवाली, म्हणजे एक्सच्या जागी आयोडीन-ब्रोमीनसारखं कोणी. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. बँड गॅप साधारण १.६, सगळा दिसणारा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या थरात गिळून टाकतं. २००९ मध्ये मियासाका यांच्या गटाने याचा पहिला सोलर सेल दाखवला तेव्हा कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज लॅबमधले छोटे सेल सिलिकॉनच्या तोडीस तोड आहेत. पण पाणी लागलं की संपलं.

म्हणजे एकाला पाणी चालतं पण ऊन दिसत नाही, दुसऱ्याला ऊन दिसतं पण पाणी चालत नाही. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका अडचणीभोवती फिरतात.

४. मग गच्चीवरचं साधं सोलर पॅनल आणि खाली इलेक्ट्रोलायझर, हे काय वाईट आहे?

काहीच वाईट नाही, आणि आज कुणाला खरोखर हायड्रोजन बनवायचा असेल तर मी हाच रस्ता सुचवेन. तयार इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या मशीनला, एका किलो हायड्रोजनमागे साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते, ही मशीन्स बाजारात मिळतात आणि वर्षानुवर्षं चालतात. प्रकाशातून थेट हायड्रोजनची आशा एवढीच की वायरिंग, कन्व्हर्टर, वेगळी मशीन हा सगळा खर्च एका पॅनलमध्ये गोळा व्हावा. आणि फोटोकॅटॅलिस्टची, म्हणजे प्रकाशात पाणी फोडणाऱ्या पदार्थाची, पावडर तर काचेवर रंगासारखी फासता येते. ती स्वस्ताई अजून सिद्ध व्हायची आहे, पण त्यासाठी झटणं मला पूर्णपणे योग्य वाटतं.

५. एका बातमीत कार्यक्षमता ९६ टक्के होती, दुसरीत ०.७६ टक्के, दोन्ही जपानचीच आणि मटेरियलही तेच! खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर.

कझुनारी डोमेन यांच्या गटाने २०२० मध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम टायटॅनेट घेतलं, त्याच्या कणांच्या ज्या बाजूंवर इलेक्ट्रॉन येतात तिथेच हायड्रोजनचा उत्प्रेरक बसवला आणि जिथे होल येतात तिथे ऑक्सिजनचा, आणि दाखवलं की ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात ९६ टक्क्यांपर्यंत फोटॉन कामी येतात. हे जबरदस्तच काम आहे, याहून वर जायला जागाच नाही. पण ती सगळी करामत अल्ट्राव्हायोलेटमध्ये. २०२१ मध्ये त्यांनीच याचे पॅनल उघड्यावर मांडले, २५ बाय २५ सेंटीमीटरचे १६०० तुकडे, एकूण १०० चौरस मीटर, आणि पूर्ण उन्हाच्या हिशोबाने जास्तीत जास्त ०.७६ टक्के मिळाले.

ठाणे स्टेशनवर शंभर माणसं गाडीसाठी उभी आहेत आणि त्यातल्या चौघांकडेच फर्स्ट क्लासचं तिकीट आहे. फर्स्ट क्लासच्या डब्यात त्या चौघांनाही जागा मिळाली तर डब्याचा निकाल शंभर टक्के, पण प्लॅटफॉर्मवरचे शहाण्णव तिथेच. पहिला आकडा डब्याचा, दुसरा प्लॅटफॉर्मचा. पहिल्याला क्वांटम एफिशियन्सी म्हणतात, दुसऱ्याला सोलर-टू-हायड्रोजन, आणि तुमच्या-माझ्या कामाचा दुसराच. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटने सगळं अल्ट्राव्हायोलेट वापरलं तरी हा दुसरा आकडा दीड टक्क्याच्या आतच राहणार, ती मर्यादा मटेरियलचीच आहे.

६. मग ऑक्साइडला दिसणारा प्रकाश दिसेल असं काही करता येत नाही का?

करतात की. रोडियम घातलं की स्ट्रॉन्शियम टायटॅनेट हिरव्या प्रकाशापर्यंत शोषायला लागतं, किंवा ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवतात, मग बेरियम टँटलम ऑक्सिनायट्राइडसारखे रंगीत पदार्थ मिळतात जे ६६० नॅनोमीटरपर्यंत पोचतात. किंमत अशी की असे बाहेरचे अणू आणि त्यांच्यामुळे होणारे दोष हेच इलेक्ट्रॉन-होलच्या भेटीचे अड्डे बनतात. दोन मटेरियल जोडून काम वाटून घेण्याची पद्धतही आहे. रोडियम-लँथॅनमवालं स्ट्रॉन्शियम टायटॅनेट आणि बिस्मथ व्हॅनाडेट सोन्याच्या थराला चिकटवून २०१६ मध्ये १.१ टक्के मिळवले होते.

७. ताई, हॅलाइडवालं पाण्यात विरघळतं म्हणता, मग त्याच्याने पाणी कसं फोडतात?

त्याला पाण्याला हात न लावू देता! आधी ते विरघळणं कसं दिसतं ते सांगते. ताजी फिल्म गडद चॉकलेटी-काळी असते, काचेवर आरशासारखी चकचकीत. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत ती उघडी ठेवली तर कडेकडेने पिवळी पडायला लागते, मग पिवळे डाग आत सरकतात. तो पिवळा म्हणजे लेड आयोडाइड, मिथाइलअमोनियमवाला भाग निघून गेल्यावर मागे उरलेला. थेंब टाकलात तर तुमच्या डोळ्यांदेखत काही सेकंदांत पिवळं.

म्हणून दोन मार्ग. एक, सेल कोरड्या जागी ठेवायचा आणि फक्त वायर पाण्यात न्यायची, तसं असेल तर तो प्र. ४ मधलाच प्रकार झाला, फक्त पॅनल वेगळं. दोन, सेलवर असं कवच चढवायचं जे पाणी अडवेल पण वीज जाऊ देईल. केंब्रिजमध्ये २०१६ ला बिस्मथ-इंडियम-टिनचा मिश्रधातू वापरला होता, तो ६२ अंशांना वितळतो म्हणून खालच्या सेलला न भाजता लावता येतो. आता कार्बनच्या पेस्ट आणि ग्रॅफाइट शीटही वापरतात. कवचाला एक बारीक भोक राहिलं की खेळ खल्लास, त्यामुळे या विषयातली खरी लढाई हल्ली केमिस्ट्रीपेक्षा पॅकिंगची जास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

८. सोलर-हायड्रोजनच्या बातम्यांमधले १२.३ टक्के, २०.८ टक्के हे आकडे कुठून येतात?

हॅलाइडवाल्या शाखेतून. पहिला २०१४ चा, स्वित्झर्लंडमधल्या ग्रॅट्झेल यांच्या गटाचा. एका सिलिकॉन सेलचं व्होल्टेज ०.६-०.७, म्हणजे पाणी फोडायला तीन-चार सेल ओळीने लावावे लागतात, पण पेरॉव्हस्काइटचा एकच सेल १ व्होल्टच्या पुढे देतो, म्हणून दोनच पुरले. इलेक्ट्रोड निकेल-लोखंडाचे, प्लॅटिनम नाही. हिशोब तुम्ही स्वतः करू शकता: दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिअँपिअर करंट, गुणिले १.२३ व्होल्ट, म्हणजे १२.३ मिलिवॉट, आणि पूर्ण ऊन म्हणजे १०० मिलिवॉट. झाले १२.३ टक्के.

दुसरा २०२३ चा, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा. पेरॉव्हस्काइट आणि सिलिकॉन एकावर एक, वर चिकट पण वीजवाहक कवच. आकडा खरा आहे, पण त्याच्या शेजारचा दुसरा आकडा बातम्यांमध्ये येत नाही: १०२ तास सलग चाललं, आणि तेवढ्या वेळात काम मूळच्या ६० टक्क्यांवर आलं. गच्चीवरचं पॅनल पंचवीस वर्षं टिकावं अशी आपली अपेक्षा असते. ऑक्साइडवाले जपानी पॅनल मात्र काही महिने उघड्यावर चालले होते.

९. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊनच नसतं, मग नवी मुंबईत हे चालेल का?

ऊन नसतं असं नाही, जुलैत उन्हाळ्याच्या जवळपास निम्म्यावर येतं. प्रकाश कमी झाला की करंट त्याच प्रमाणात पडतो पण व्होल्टेज फारसं पडत नाही, म्हणून ढगाळ दिवसातही हायड्रोजन निघतो, कमी निघतो एवढंच. मला पावसापेक्षा एप्रिल-मेची जास्त काळजी वाटते. दुपारी पॅनलचं तापमान सहज ६० अंशांच्या वर जातं आणि मिथाइलअमोनियमवाल्या पेरॉव्हस्काइटची स्फटिकरचना साधारण ५५ अंशांच्या आसपास बदलते, म्हणजे रोज दुपारी एकदा बदल आणि रात्री परत पूर्ववत. म्हणून हल्ली मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सीझियमची मिश्रणं वापरतात, ती उष्णतेला जास्त तोंड देतात. पण परदेशातल्या एसी लॅबमधला टिकाऊपणा ठाण्याच्या गच्चीवर तसाच्या तसा येईल असं धरून चालू नका.

१०. आमच्या सोसायटीची गच्ची मोठी आहे, सिलिंडर बंद करता येईल का?

चला आकडेमोड करू. आपल्या भागात एका चौरस मीटरवर वर्षाच्या सरासरीने रोज साधारण ५ युनिट ऊन पडतं. १० टक्के कार्यक्षमता धरली, जी बाजारात अजून कुठेही मिळत नाही, तर रोज १५ ग्रॅम हायड्रोजन. पाणी लागेल फक्त १३५ मिली, म्हणजे मोरबे धरणावर काही भार नाही. १४.२ किलोच्या एका एलपीजी सिलिंडरमधली ऊर्जा म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास हायड्रोजन, म्हणजे साधारण ३६० चौरस मीटरची गच्ची दिवसभर राबून एक सिलिंडर. जपानी ऑक्साइड पॅनलच्या ०.७६ टक्क्यांनी तेवढ्याच गच्चीवर त्याच सिलिंडरला दोन आठवडे लागतील.

आणि ठेवणार कुठे? साध्या दाबाला १ किलो हायड्रोजन १२ घनमीटर जागा खातो, दाबून भरायचा तर पेसो या स्फोटकं-पेट्रोलियम सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचे नियम आणि परवाने. राहत्या इमारतीत मी तरी कुणाला हा सल्ला देणार नाही. गच्चीवर साधं सोलर लावा आणि इंडक्शन शेगडी घ्या, त्याच उन्हात कितीतरी जास्त स्वयंपाक होईल. हायड्रोजनची खरी गरज आहे ती खत कारखाने, रिफायनऱ्या, पोलाद अशा ठिकाणी. चेंबूरला आणि अलिबागजवळ थळला आरसीएफचे खत कारखाने आहेत, तिथे अमोनियासाठी नैसर्गिक वायूपासूनच हायड्रोजन बनतो, आणि या पद्धतीत १ किलो हायड्रोजनमागे ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बदल व्हायला हवा तो तिथे.

११. दोन्ही गॅस एकाच पॅनलमधून निघाले तर स्फोट नाही का होणार?

होऊ शकतो, हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात हायड्रोजन पेट घेतो. पावडरवाल्या पॅनलमध्ये खरोखरच दोन्ही वायू एकत्र निघतात. जपानी पॅनलमध्ये काच आणि कॅटॅलिस्ट यांच्यातली पाण्याची फट मुद्दाम फक्त ०.१ मिलिमीटर ठेवली होती म्हणजे मोठा वायूचा साठा होतच नाही, आणि पुढे पॉलिइमाइडच्या पडद्यातून हायड्रोजन वेगळा काढला. इलेक्ट्रोडवाल्या पद्धतीत दोन वायू दोन बाजूंना निघतात, मध्ये पडदा असतो.

१२. खाडीचं पाणी वापरता येईल का? फुकट आणि भरपूर आहे.

थेट नको. मिठामुळे ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघू शकतो, आणि हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडवर मॅग्नेशियम-कॅल्शियमची पांढरी पुटं चढतात. ठाणे खाडीत वरून गाळ आणि सांडपाणी. शिवाय गरजच नाही: समुद्राचं पाणी आरओने गोडं करायला १००० लिटरला ३ ते ४ युनिट लागतात आणि १ किलो हायड्रोजनला पाणी लागतं ९ लिटर, म्हणजे युनिटचा एक छोटासा अंश. ज्या कामाला ५० युनिट लागतात तिथे एवढं वाचवायला इलेक्ट्रोडची वाट लावण्यात अर्थ नाही.

१३. शिसं असतं ना त्यात? मुलांना धोका?

हॅलाइडवाल्यात असतं. अर्ध्या मायक्रॉनच्या थरात एका चौरस मीटरला साधारण ०.७ ग्रॅम, गाडीच्या बॅटरीत कितीतरी किलो असतं. पण बॅटरीतलं शिसं बंद डब्यात असतं आणि भंगारात परत जातं, इथलं पाण्यात उतरू शकतं, म्हणून फक्त वजन बघून निश्चिंत होऊ नका. केंब्रिजने २०२२ मध्ये अशी तरंगणारी कृत्रिम पानं, म्हणजे उन्हावर इंधन बनवणारे पातळ पत्रे, कॅम नदीवर चाचणीला सोडली होती, छान काम आहे, पण आपल्या खाडीवर, जी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि जिथे फ्लेमिंगो चिखल गाळून खातात, शिसेवाला थर तरंगवायला माझा विरोध राहील. कथिलवाला पर्याय आहे पण कथिल हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं. चांदी-बिस्मथवाला टिकाऊ आहे पण प्रकाश कमी शोषतो. ऑक्साइड शाखेत हा प्रश्न बहुतेक येतच नाही.

१४. एका रिसर्च पेपरमध्ये पेरॉव्हस्काइट पावडर थेट द्रवात ढवळून हायड्रोजन काढलाय, मग प्र. ७ चं काय?

तो द्रव पाणी नसून हायड्रोआयोडिक आम्ल असणार, नीट बघा. त्यात आधीच इतकं आयोडाइड आणि शिसं असतं की पेरॉव्हस्काइट जेवढं विरघळतं तेवढंच परत जमतं, म्हणून टिकतं. दक्षिण कोरियाच्या गटाने २०१६ मध्ये हे दाखवलं. पण फुटतं ते हायड्रोजन आयोडाइड, ज्याला पाण्याच्या निम्म्याहून कमी व्होल्टेज लागतं, आणि ऑक्सिजनऐवजी आयोडीन तयार होतं. विज्ञान म्हणून सुंदर, पण त्याला ‘पाण्यातून हायड्रोजन’ म्हणू नका.

१५. आरसे लावून उष्णतेने पाणी फोडतात त्यातही पेरॉव्हस्काइट असतं म्हणे?

हो, पण तिथे ते प्रकाश शोषायचं काम करत नाही. खूप तापवलं की ऑक्साइड आपला थोडा ऑक्सिजन सोडतं, मग थोडं थंड करून वाफ दिली की वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मागे राहतो. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम-मँगनीज-अ‍ॅल्युमिनियमचं पेरॉव्हस्काइट १३५० अंशांना तापवून आणि १००० अंशांना वाफ देऊन २०१३ मध्ये त्याच परिस्थितीतल्या सिरियापेक्षा (सेरियम ऑक्साइड, देश नव्हे) ९ पटीपर्यंत हायड्रोजन मिळाला होता. यासाठी थेट, धारदार ऊन लागतं, कोकणपट्टीच्या दमट धुरकट हवेत आरसे उपयोगाचे नाहीत, राजस्थान बरा.

१६. मुलीला सायन्स एक्झिबिशनमध्ये हे दाखवायचंय, घरी पेरॉव्हस्काइट बनवता येईल?

लेड आयोडाइड घरात अजिबात आणू नका. ६ व्होल्टचं छोटं सोलर पॅनल, दोन पेन्सिलींची शिसं (ही ग्रॅफाइटची असतात, खरं शिसं नसतं) आणि खायच्या सोड्याचं पाणी घ्या. मीठ नको, क्लोरीन येतो. दोन परीक्षानळ्या पाण्याने भरून उलट्या ठेवा, दोन्ही वायू एकाच नळीत गोळा करू नका आणि पेटवून बघायचा मोह टाळा. हायड्रोजन ऑक्सिजनच्या बरोबर दुप्पट यायला हवा, पण ऑक्सिजन कमीच भरेल, कारण थोडा पाण्यात विरघळतो आणि थोडा ग्रॅफाइटलाच खाऊन कार्बन डायऑक्साइड होतो. परीक्षकांनी विचारलं तर हे उत्तर तिला नक्की माहीत असू दे.

१७. यात करिअर करायचं तर लांब जावं लागेल का?

ठाण्याहून पवई किती लांब आहे! आयआयटी मुंबईत २०१० पासून फोटोव्होल्टाइक्सचं राष्ट्रीय केंद्र आहे, तिथे पेरॉव्हस्काइटवर काम होतं. माटुंग्याला आयसीटी या केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेमध्ये तांबे-क्लोरीन चक्राने, म्हणजे वेगळ्या पद्धतीने, हायड्रोजनवर काम झालंय. पुण्यात एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आहे. बीएस्सी फिजिक्स किंवा केमिस्ट्री चालेल, पण इलेक्ट्रोकेमिस्ट्री मनापासून शिका, आपल्याकडे तीच कच्ची राहते. केंद्राचं १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन २०२३ मध्ये आलं आणि त्याच वर्षी राज्याचं धोरणही, त्यामुळे संधी वाढतायत, पण तो पैसा मुख्यतः इलेक्ट्रोलायझरच्या बाजूला जातोय हे लक्षात ठेवून विषय निवडा.

१८. इलेक्ट्रोलायझरच्या आत पण पेरॉव्हस्काइट असतं असं वाचलं, ते सोलरवालंच का?

नाही, तिथे प्रकाशाचा संबंधच नाही. बेरियम-स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-लोह ऑक्साइड हे ऑक्सिजन काढणारं उत्प्रेरक म्हणून २०११ पासून गाजलंय, आणि बेरियम झिर्कोनेटसारखी पेरॉव्हस्काइट ५००-६०० अंशांना प्रोटॉन वाहून नेतात म्हणून गरम वाफेच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये वापरतात. ऑक्साइड शाखाच, नोकरी वेगळी.

१९. दोन रिसर्च पेपरमध्ये करंट सारखाच आहे, तरी एकाला सोलर-टू-हायड्रोजन आकडा दिलाय आणि दुसऱ्याला नाही, असं का?

दुसऱ्यात बहुतेक बाहेरून बॅटरी जोडलेली असणार, ग्राफच्या आडव्या अक्षावर शून्य व्होल्टला करंट किती आहे ते बघा. बाहेरून ०.८ व्होल्ट दिले असतील तर १.२३ पैकी तेवढे बॅटरीचे, उन्हाच्या खात्यात उरले ०.४३. दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिअँपिअर असले तरी मग तो १२.३ टक्के होत नाही, ४.३ होतो आणि त्याला वेगळं नाव आहे. पाण्यात मिथेनॉल किंवा सल्फाइट घातलं असेल तरीही तुलना करू नका, तिथे ऑक्सिजन काढायचं अवघड काम टाळलेलं असतं.